रुग्णाची नोंद कोणाची?
(वैयक्तिक माहितीचा कायदा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपला दवाखाना)



धान कापणी आटोपली की आपल्या जिल्ह्यातील दवाखान्यांत दोन प्रकारची वर्दळ वाढते. एक, हंगामभर दुखणे अंगावर काढलेल्या रुग्णांची. आणि दुसरी, विक्री-प्रतिनिधींची. पूर्वी हे प्रतिनिधी आसव-अरिष्टांचे नमुने, दिनदर्शिका आणि चूर्णांच्या दरपत्रकांसह येत. अलीकडे ते संगणक-प्रणाली घेऊन येतात. "एक रुपयाही देऊ नका, डॉक्टरसाहेब. केसपेपर, बिल, औषधांचा साठा, पुढच्या तारखेची आठवण, सगळे मोबाईलवर", असे सांगून ते आपल्याच मेजावर आपल्याच रुग्णाची नोंद करून दाखवितात. काही वर्षांपूर्वी मीही अशी एक प्रणाली घेतली. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोण भरतो, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही, हे प्रथमच कबूल करतो.

किंमत भरली ती एका रुग्णेने. जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका गावातील ही बाई अपत्यप्राप्तीसाठी माझ्याकडे चिकित्सा घेत होती. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव देत नाही. घरात मोबाईल एकच आणि तो भासऱ्यांच्या हाती. नाव-गाव लिहिताना तिने तोच क्रमांक सांगितला, आणि मीही तो निःशंकपणे भरला. चार-पाच महिन्यांनी त्या क्रमांकावर वंध्यत्वावरील कुठल्याशा औषधाच्या जाहिरातीचे निरोप येऊ लागले. सासरी जी गोष्ट केवळ नवरा-बायकोला ठाऊक होती, ती ओसरीवर वाचली गेली. ती बाई पुढच्या खेपेस आली तेव्हा एवढेच म्हणाली, "साहेब, तुमच्या दवाखान्यातून मेसेज आला म्हणतात." दवाखान्यातून तो आलेला नव्हता. पण माझ्या दवाखान्याखेरीज ती माहिती कोणाजवळही नव्हती, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. प्रणाली पुरविणाऱ्यांना विचारले असता, 'आम्ही माहिती कोणाला देत नाही', एवढे एका ओळीचे उत्तर आले.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरू शिष्याला जो उपदेश करतो, तो आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला आहे. रुग्णाच्या घरी शिरल्यावर मन, वाणी व इंद्रिये रुग्णाखेरीज अन्यत्र नसावीत, आणि त्या कुळातील गोष्टी बाहेर जाऊ नयेत, असा त्याचा आशय. परीक्षेपुरते आपण ते पाठ केले. पुढे व्यवहारात ते पाळणे फारसे कठीणही नव्हते, कारण केसपेपर लोखंडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली आपल्या खिशात. आज किल्ली आपल्या खिशात नाही, आणि कपाट कोणत्या शहरात आहे हेही आपल्याला माहीत नाही. प्रस्तुत विषय आपल्या नियतकालिकात यावा असे मला वाटले ते यामुळे. हा विषय 'कॉम्प्युटरवाल्यांचा' आहे, असे म्हणून पान उलटू नये, ही विनंती.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम' अस्तित्वात आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्या अधिसूचनेनुसार मंडळाविषयीच्या तरतुदी तत्काळ अमलात आल्या. आपल्याला प्रत्यक्ष लागू होणाऱ्या जबाबदाऱ्यांना मात्र अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे हिशेब मे २०२७ चा.

हा कायदा कागदावरच्या वहीला लागू नाही. मात्र वहीतील नोंद संगणकात चढविली, की त्या क्षणापासून तो लागू होतो. कायद्याच्या इंग्रजी परिभाषेत आपल्याला 'डेटा फिड्युशिअरी' म्हटले आहे. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. शब्द चांगला आहे, आणि तो मला मान्य आहे. सॉफ्टवेअर पुरविणारा हा 'प्रोसेसर', म्हणजे आपल्या वतीने काम करणारा. कलम ८ असे सांगते की, प्रोसेसरकडून चूक झाली तरी रुग्णापुढे उत्तरदायी विश्वस्तच राहील, आणि प्रोसेसरला काम द्यायचे तर ते वैध करारानेच द्यावे लागेल. आपल्यापैकी किती जणांजवळ असा करार आहे? माझ्याजवळ नव्हता. मोबाईलच्या पडद्यावर 'मान्य आहे' या शब्दांवर मी बोट दाबले होते, इतकेच.

गंमत अशी की, कायदा लिहिणाऱ्यांना औषधालय चांगले ठाऊक होते. कलम ७ मधील एक उदाहरण औषधालयाचेच आहे. ग्राहक औषध घेते, आपला क्रमांक स्वतःहून देते आणि पैसे पोचल्याची पावती मोबाईलवर पाठवा असे सांगते. औषधालयाने तो क्रमांक त्या पावतीपुरता वापरावा. कलम ६ मधील एक उदाहरण टेलिमेडिसीनच्या ॲपचे आहे. ॲपने चिकित्सेसाठी संमती मागता मागता मोबाईलमधील सर्व परिचितांच्या यादीवरही संमती घेतली, तरी ती यादी चिकित्सेसाठी आवश्यक नसल्याने संमती केवळ चिकित्सेपुरतीच धरली जाईल. औषधालय-मालकांनी ही दोन उदाहरणे गल्ल्याच्या वर लावून ठेवावीत. पावतीसाठी घेतलेल्या क्रमांकावर दिवाळीत च्यवनप्राशच्या सवलतीचा निरोप पाठविणे हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि घाऊक विक्रेत्याने 'योजने'साठी ग्राहकांची यादी मागितली की ती देऊन टाकणे हाही.

सुवर्णप्राशनाचेही तसेच आहे. दर पुष्य नक्षत्राला आपण शेकडो बालकांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे क्रमांक गोळा करतो. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक असून, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, व बालकाला उद्देशून जाहिरात करण्यास मनाई आहे. चिकित्सालयांना नियमांत सवलत आहे, परंतु ती बालकाच्या आरोग्यरक्षणासाठी आवश्यक तेवढीच. पुढच्या पुष्य नक्षत्राची आठवण या सवलतीत बसते, असे मला वाटते. बाळगुटीची जाहिरात बसत नाही.

आता दंडाविषयी. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड, हा आकडा सांगून घाबरविणारे आणि त्यावर उतारा म्हणून वार्षिक वर्गणीचे 'पॅकेज' विकणारे लोक आता फिरू लागतील. ही कमाल मर्यादा आहे. दंड ठरविताना उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य, कालावधी आणि दंडाचा संबंधितावर होणारा परिणाम पाहावा, असे कायद्यातच म्हटले आहे. आमगावच्या दोन खोल्यांच्या दवाखान्याला कोणी अडीचशे कोटी मागणार नाही. परंतु नोंदी फुटल्या तर रुग्णांना विनाविलंब कळविणे आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल देणे, ही जबाबदारी दोन खोल्यांच्या दवाखान्यालाही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक-यंत्रणा हल्ल्यामुळे ठप्प झाली आणि कित्येक दिवस तेथील कामकाज हाताने करावे लागले. तेथे तज्ज्ञांचा ताफा होता. आपल्याकडे संगणक बिघडला तर गोरेलाल चौकातून कोणाला तरी बोलवावे लागते.

कायद्याविषयी माझ्या खऱ्या तक्रारी मात्र वेगळ्या आहेत.

पहिली ही की, या कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळे स्थान नाही. २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' गणल्या होत्या. २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांतही तो वर्ग होता. २०२३ च्या अधिनियमातून तो गेला. त्यामुळे धान्याच्या दुकानातील ग्राहकाचा क्रमांक आणि सिकलसेलचा वाहक असल्याची नोंद, दोन्ही एकाच तागडीत. पूर्व विदर्भात राहणाऱ्याला या दोहोंतील अंतर सांगावे लागत नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि ते स्तुत्यच आहे. विवाहापूर्वी दोघांनी आपापला अहवाल पाहावा, हाही सल्ला योग्य. पण अहवाल त्या दोघांनी पाहणे वेगळे आणि गावाने पाहणे वेगळे. देवरी-सालेकसाकडील आपल्या सहकाऱ्यांना विचारा, वाहक असल्याचे कुजबुजले गेल्यावर मुलीकडे स्थळ किती येतात. पंचकर्मासाठी आलेल्या रुग्णाची पूर्वव्याधी म्हणून आपण हे सहज लिहून ठेवतो.

दुसरी तक्रार, या कायद्याने एक माणूस, एक मोबाईल असे गृहीत धरलेले दिसते. संमती, सूचना, नोंद पुसण्याची विनंती, सगळे त्याच गृहीतकावर उभे आहे. आपल्याकडे क्रमांक हा कुटुंबाचा असतो. आणि भाषेचे काय? संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एकीत वाचण्याचा पर्याय द्यावा, असे कलम आहे. मराठी त्यात आहे, ही समाधानाची बाब. गोंडी त्यात नाही. पोवारी तर नाहीच. कागदावर अंगठा उमटेल, संमती उमटणार नाही.

तिसरी तक्रार व्यावसायिक आहे आणि ती जरा मोकळेपणाने मांडतो. कलम १७ अन्वये केंद्र सरकार काही विश्वस्तांना, माहितीचे प्रमाण व स्वरूप पाहून, काही जबाबदाऱ्यांतून सूट देऊ शकते. तेथे नाव घेऊन उल्लेख आहे तो 'स्टार्टअप'चा. वैद्याचा नाही, लहान औषधालयाचा नाही. म्हणजे ज्या नवोदित कंपन्या रुग्णांची माहिती गोळा करणे हाच व्यवसाय करतात, त्या सुटीच्या रांगेत पुढे उभ्या आहेत आणि आपण कायद्याचे पुस्तक हातात घेऊन मागे. या गोष्टीचा राग यावा तेवढा थोडा. पण म्हणून आपणही सरसकट सूट मागावी काय? काही सहकाऱ्यांचे मत तसे आहे. मला ते पटत नाही. या सुटीत माहिती पुसून टाकण्याचे बंधन आणि रुग्णाला त्याची माहिती दाखविण्याचे बंधन, ही दोन्हीही जातात. रुग्णाने 'माझी नोंद दाखवा' म्हटल्यावर 'आम्हांला सूट आहे' असे उत्तर देणारा वैद्य मला पाहवणार नाही. आपण मागावे ते सोपेपण. सूचनेचा एक पानी मराठी नमुना, सॉफ्टवेअर-पुरवठादाराशी करावयाच्या कराराचा एक प्रमाणित मसुदा, आणि आरोग्यविषयक माहितीसाठी कोणत्याही स्टार्टअपला सूट नाही, असा स्पष्ट खुलासा.

हे मागण्याची एक संधी येऊन गेली. जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला, सूचनांसाठीची मुदत वाढवून ५ मार्चपर्यंत नेली गेली, आणि देशभरातून सुमारे सात हजार सूचना गेल्या. मोठ्या कंपन्यांच्या संघटनांजवळ याच कामासाठी पगारी माणसे असतात. आपल्या जिल्ह्यातून किती सूचना गेल्या? माझी गेली नाही. मी तेव्हा मार्चअखेरच्या हिशेबात होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न याच धाग्याने पुढे येतो. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या सुमारास 'देश का प्रकृति परीक्षण अभियान' झाले. आपल्यातील अनेकांनी, विशेषतः तरुण वैद्यांनी आणि विद्यार्थ्यांनी, मोबाईल ॲपवर घरोघरी जाऊन प्रकृती-परीक्षणे केली. सव्वा कोटीहून अधिक नागरिकांची नोंद झाली, गिनीज बुकात विक्रम नोंदले गेले, आणि २० फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईत त्याचा समारोप झाला. आयुर्वेदाच्या इतिहासात एवढा माहितीचा संग्रह एका ठिकाणी कधी झाला नव्हता. या कामाचा मला अभिमान आहे. प्रश्न एवढाच की, उद्या या किंवा अशा संग्रहावर यंत्र शिकविले गेले, तर त्याचे नियम कोणते? कोणाला ते शिकविता येईल, कोणत्या अटींवर, आणि त्यातून निघालेल्या वस्तूवर कोणाचा अधिकार? ज्यांच्या वात-पित्त-कफाची ही नोंद आहे त्यांना, आणि ज्यांनी ती घेतली त्या वैद्यांना, हे विचारण्याचा अधिकार आहे.

उत्तरासाठी आपण हळदीकडे पाहू. जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग या 'शोधा'वर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ते रद्द का होऊ शकले? कारण हळदीचा तो उपयोग लिहिलेला होता. ग्रंथांचे व नियतकालिकांचे पुरावे पुढे ठेवता आले. त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले, आणि आपले ग्रंथोक्त योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत पेटंट-परीक्षकांसमोर गेले. आता जे घडू पाहते आहे ते निराळे आहे. यंत्र ग्रंथ तर वाचतेच. पण त्याला खरी भूक आहे ती अनुभवाची. एखाद्या वैद्याने तीस वर्षे आमवातात कोणत्या अनुपानाने काय पाहिले, हे कोणत्याही ग्रंथात नाही. ते त्याच्या केसपेपरांत आहे. ते 'नाव वगळून' एखाद्या कंपनीच्या संग्रहात गेले, की वैयक्तिक माहितीचा कायदा त्याला स्पर्श करीत नाही, कारण त्यात व्यक्ती उरत नाही. आणि पेटंटला आव्हान द्यावे तर पुराव्याचा कागद आपण कधीच छापलेला नसतो.

येथे आपल्यालाही एक बोचरा प्रश्न विचारला जाईल, म्हणून आधीच सांगतो. जैवविविधता कायद्यात, जंगलातील वनस्पती व्यापारासाठी वापरणाऱ्याने लाभाचा वाटा स्थानिकांना द्यावा, हे तत्त्व आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाला व नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना त्यातील बंधनांतून सवलती मिळाल्या, आणि आपल्यातील बहुतेकांनी त्यांचे स्वागत केले. नवेगाव-नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांतून हिरडा-बेहडा गोळा करणाऱ्याला वाटा देताना आपण हात आखडता घ्यायचा, आणि आपल्या नोंदींवर कंपनीने कमावले तर वाटा मागायचा, हे फार शोभणारे नाही. तरी मागणी खोटी ठरत नाही. फक्त ती करताना आवाज जरा खालचा ठेवावा लागेल.

यंत्राच्या गुणवत्तेविषयी थोडेसे. मी सध्या प्रचलित असलेल्या एका संभाषण-यंत्राला मराठीतून संधिवाताचा एक रुग्ण सांगून पाहिला. भाषा सफाईदार होती, संहितांची नावे अचूक होती, आणि रास्नेचा काढाही सुचविला होता. कोणती रास्ना, हे मात्र त्याला सांगता आले नाही. उत्तरेत रास्ना म्हणून एक वनस्पती घेतात, केरळात कुलिंजनाच्या जातीची, बंगालमध्ये झाडावर वाढणारी तिसरीच. शंखपुष्पीचाही असाच घोळ सर्वांना परिचित आहे. प्रांतोप्रांतीच्या नोंदी एकत्र कालवून शिकलेले यंत्र रुग्णाला कोणत्या प्रांताचे औषध सांगते, हे तपासणारी यंत्रणा आज नाही. २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचा समावेश आहे. परंतु प्रकृती किंवा नाडी सांगणाऱ्या ॲपची परीक्षा कोणी करावी, आणि त्या समितीवर वैद्य असावा की नाही, हे स्पष्ट नाही. युरोपात २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र कायदा आहे. आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. स्वतंत्र कायदा तूर्त नको, आहेत ते कायदे वापरावेत, असा त्यांचा सूर आहे. उद्योगांना हे सोयीचे आहे. मलाही घाईचा कायदा नको आहे. परंतु 'आहेत ते कायदे' म्हणजे आपल्या बाबतीत नक्की कोणते, हे एकदा लिहून मिळाले पाहिजे.

संघटनेच्या आगामी सर्वसाधारण सभेत हा विषय स्वतंत्रपणे घ्यावा, अशी माझी सूचना आहे. आठही तालुक्यांतून प्रत्येकी एक वैद्य आणि एक औषधालय-मालक घेऊन, सोबत एखादा वकील बसवून, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, आयुष मंत्रालय आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन यांना एकच निवेदन जावे. केंद्रीय आयुष मंत्री प्रतापराव जाधव हे बुलढाण्याचे आहेत. विदर्भाच्या निवेदनाला निदान भाषेची अडचण पडू नये. त्याआधी प्रत्येकाने घरचे काम करावे. सॉफ्टवेअरवाल्याकडून करार मागावा. तो देत नसेल तर नोंदी परत घेऊन वहीवर यावे, त्यात कमीपणा नाही. व्हॉट्सॲपच्या गटांत रुग्णांचे अहवाल व जिभेची छायाचित्रे नावानिशी टाकण्याची आपली सवय तर आजच बंद करता येईल. तिला मे २०२७ ची वाट पाहण्याचे कारण नाही.

ती रुग्णा अजून माझ्याकडे येते. पुढची तारीख मी तिला औषधाच्या पुडीवर लिहून देतो. प्रणालीतून तिचा क्रमांक काढावा म्हणून मी तीन वेळा लिहिले. रकाना रिकामा ठेवता येत नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्या जागी मी दवाखान्याचा क्रमांक भरला. गेल्या महिन्यात त्या क्रमांकावर, तिच्या नावाने, वंध्यत्वावरील औषधाचा निरोप आला.